बिऱ्हाड पाठीवर, पत्ता कोणता?

चाकांवर संसार थाटून देशभर हिंडणारी जोडपी हा विषय आजवर अमेरिकेचा समजला जात असे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले, तेव्हापासून तो आपल्याकडेही बोलला जाऊ लागला आहे. झोपण्याची सोय, छोटेसे स्वयंपाकघर, स्वच्छतागृह आणि पाण्याची टाकी असलेली मोटारगाडी म्हणजे कॅराव्हॅन. अशा गाड्या जेथे रात्रीपुरत्या किंवा काही दिवसांपुरत्या उभ्या राहतील त्या तळांवर पाणी, वीज, रस्ता यांची सोय असावी आणि असे तळ उभारणाऱ्यांना पर्यटन धोरणातील सवलतींचा लाभ मिळावा, असा या धोरणाचा आशय आहे. नोकरीतून निवृत्त झालेली पती-पत्नी राहते घर कुलूपबंद करून वर्षवर्ष अशा गाडीतून फिरतात, ही बातमी आता मराठी वाचकाला फारशी चकित करीत नाही. त्यांच्या धाडसाचे कौतुक होते आणि ते व्हावेही. उतारवयात दोन माणसांनी एका लहानशा खोलीत, रोज नव्या गावी, एकमेकांना सांभाळून राहणे ही साधी गोष्ट नव्हे.

या धोरणाला विरोध करण्याचे काही कारण नाही. मात्र ते वाचताना एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. चाकांवर किंवा जनावरांच्या पाठीवर बिऱ्हाड टाकून वर्षानुवर्षे फिरणारी जोडपी या राज्यात फार पूर्वीपासून आहेत. कॅराव्हॅनमधून हिंडणाऱ्या हौशी मंडळींपेक्षा त्यांची संख्या कितीतरी पटींनी अधिक आहे. पहिल्या वर्गाच्या फिरण्याची सोय करावी असे शासनाला वाटते, दुसऱ्या वर्गाचे फिरणे कसेबसे थांबवावे असे वाटते. हा फरक केवळ पैशाचा आहे असे समजणे चूक ठरेल. त्याच्या मुळाशी पत्त्याचा, म्हणजे माणसाला कायमचे ठिकाण असलेच पाहिजे या गृहीताचा प्रश्न आहे.

अमेरिकेत या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला. जो आणि के पीटरसन या दाम्पत्याने १९७८ साली ‘एस्केपीज’ नावाची संघटना स्थापन केली. फिरत्या घरात बारा महिने राहणाऱ्यांची ती संघटना आहे. या लोकांपुढची मोठी अडचण पेट्रोलची किंवा रस्त्याची नव्हती. त्यांची पत्रे कोठे यायची, वाहन परवाना कोणत्या राज्याचा, कर कोठे भरायचा आणि मत कोठे द्यायचे, ही ती अडचण होती. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन या गावी संघटनेने टपालाची व्यवस्था उभी केली आणि हजारो फिरत्या सभासदांना एक पत्ता मिळाला. त्या पत्त्यावर कोणी राहत नाही. तेथे केवळ त्यांचे टपाल राहते. साउथ डाकोटा राज्याने तर याहून पुढचे पाऊल टाकले. त्या राज्यात एक रात्र मुक्काम केल्याची पावती आणि टपाल स्वीकारणाऱ्या संस्थेचा पत्ता एवढ्यावर फिरत्या माणसाला वाहन परवाना मिळू शकतो. अशा रहिवाशांनी मत द्यावे की नाही यावर तेथे वाद झाले, आणि २०२३ मध्ये त्या राज्याने मतदार नोंदणीसाठी तीस दिवसांच्या वास्तव्याची अट घातली. म्हणजे तेथेही प्रश्न संपलेला नाही. परंतु वाद चालला तो फिरत्या माणसाच्या सोयीला मर्यादा किती असावी याचा. फिरणारा माणूस संशयास्पद आहे काय, हा प्रश्न त्या वादात आला नाही.

अर्थात अमेरिकेतील फिरत्या घरांची सगळीच कथा हौसेची नाही. जेसिका ब्रुडर या पत्रकार महिलेने ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक २०१७ मध्ये लिहिले आणि त्यावरील चित्रपटाला एप्रिल २०२१ मध्ये ऑस्कर मिळाले, हे अनेकांना ठाऊक असेल. २००८ च्या आर्थिक अरिष्टात घर किंवा बचत गमावलेली साठीच्या पुढची माणसे जुन्या गाड्यांत राहू लागली आणि हंगामी कामाच्या मागे देशभर फिरू लागली, असे ते चित्र आहे. नाताळापूर्वीच्या गर्दीत गोदामात सामान बांधायचे, उन्हाळ्यात सरकारी वनांतील तंबूतळ सांभाळायचे आणि ऑक्टोबर आला की नॉर्थ डाकोटा व मिनेसोटा यांच्या सीमेवरील रेड नदीच्या खोऱ्यात बीटाच्या हंगामाला हजर व्हायचे. हे बीट म्हणजे साखरेचे बीट. साखर कारखान्यासाठी बारा-बारा तासांच्या पाळ्यांत, थंडीवाऱ्यात ते उतरवून घेण्याचे काम ही वृद्ध जोडपी करतात. काम कष्टाचे आहे यात शंका नाही. तथापि एक तपशील नोंदवून ठेवण्यासारखा आहे: गाडी उभी करण्याची जागा, तेथील पाणी आणि वीज यांची तजवीज काम देणाऱ्याकडून होते. ती नसेल तर मजूर येणार नाही, हे मालकाला कळते.

ऑक्टोबर, साखर आणि फिरते जोडपे. मराठी वाचकाला हे तीन शब्द एकत्र ऐकल्यावर रेड नदीचे खोरे आठवण्याचे कारण नाही. त्याला बीड जिल्हा आठवेल. त्याकडे पुढे वळायचे आहेच. तत्पूर्वी वर्धा जिल्ह्यात, पुलगावजवळ काय दिसते ते पाहू.

पुलगावचा पूल

पुलगाव हे नाव वर्धा नदीवरील रेल्वेच्या पुलावरून पडले असे सांगितले जाते. मुंबईहून निघालेली लोहमार्गाची शाखा भुसावळ, बडनेरामार्गे १८६७ साली नागपूरला पोहोचली. त्यापूर्वी या मुलखातील मीठ, धान्य आणि कापूस वाहून नेण्याचे काम बैलांच्या पाठीवरून चालत असे आणि ते करणाऱ्या बंजाऱ्यांचे तांडे हीच त्या काळची मालवाहतूक होती. रेल्वे आली आणि एका पिढीत हा व्यवसाय कोसळला. ज्यांच्या फिरण्यावर बाजार चालत होता त्यांच्या फिरण्याला काही प्रयोजन उरले नाही. आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक फिरत्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून टाकले. रेल्वेचा विस्तार आणि हा कायदा एकाच काळात यावेत, याला निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. मालवाहतुकीसाठी फिरणारा माणूस उपयोगाचा असतो. त्याचा उपयोग संपला की तो दिसतो फक्त ‘भटका’. स्वतंत्र भारतात हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शब्द मात्र राहिला, आणि शब्दामागचा संशयही.

तरीही सर्व फिरणे संपले नाही. विदर्भात हिवाळ्यानंतर शेतशिवारातून जाणाऱ्याला मेंढ्यांचे मोठे कळप आणि त्यांच्या मागेपुढे उंट दिसतात. हे कच्छचे रबारी. कित्येक दशकांपूर्वी गवताच्या शोधात आलेली त्यांची कुटुंबे वर्धा, यवतमाळ, नागपूर, चंद्रपूर या भागांत फिरत राहिली. त्यांतल्या अनेकांची मुले विदर्भातच जन्मली आणि वऱ्हाडी बोलू लागली. गुजरातेत त्यांचे मूळ गाव असते, तेथे लग्नकार्याला जाणे होते. पण वर्षाचे बाकीचे दिवस मुक्काम शिवारात.

या फिरत्या संसाराची रचना अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने लक्ष देऊन पाहावी अशी आहे. पुरुष कळप घेऊन पुढे निघतो. डेरा हलविण्याचे काम स्त्रीचे. खाटा, गोधड्या, भांडी, धान्याची पोती, चालता न येणारी कोकरे आणि तितकीच लहान मुले उंटावर लादून ती ठरल्या ठिकाणी पोहोचते आणि संध्याकाळपर्यंत चूल पेटलेली असते. घर हलविण्याचे ज्ञान हे तिचे भांडवल आहे असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. कॅराव्हॅनमध्ये जे काम यंत्राकडे सोपविलेले असते ते येथे एका बाईच्या हिशेबात असते: कोणती वस्तू आधी लागेल, कोणती तळाशी राहिली तरी चालेल, कोणत्या उंटाला किती ओझे सोसेल.

कळपाचे फिरणेही वाऱ्यावरचे नसते. कापसाची वेचणी आटोपली आणि तूर निघाली की कास्तकाराच्या शेतात उरते ती पऱ्हाटी आणि पाला. त्याला त्याचा फारसा उपयोग नसतो. मेंढ्यांना तो चारा असतो. उलट मेंढ्यांची लेंडी आणि मूत्र हे जमिनीचे खत. म्हणून कास्तकार रबाऱ्याला बोलावतो, मेंढ्या शेतात रात्री बसवून घेतो आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. शेणखताला महाग झालेल्या आणि रासायनिक खताचे दर चढते असलेल्या या दिवसांत हा व्यवहार दोघांच्याही फायद्याचा आहे. एकाच्या दृष्टीने टाकाऊ असलेली वस्तू दुसऱ्याच्या दृष्टीने मोलाची ठरावी, आणि तिची अदलाबदल वाहतूक खर्चाशिवाय जागच्या जागी व्हावी, याहून चांगले बाजारपेठेचे उदाहरण पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. अट एकच, की कळप हलता राहिला पाहिजे. एका शिवारातील पाला संपला की दुसऱ्या शिवारात जावे लागते. या कुटुंबाला एका जागी बसविले तर जो नष्ट होईल तो त्याचा व्यवसायच.

याचा अर्थ तक्रारी नाहीत असा नव्हे. उभ्या पिकात मेंढरे शिरली म्हणून धुऱ्यावर भांडणे होतात, कधी ती हातघाईवर येतात. वनखात्याला कोवळ्या रोपांची चिंता असते आणि ती रास्तही आहे. पावसाळ्यात, जेव्हा सर्व शिवार पिकाखाली असते, तेव्हा हे कळप कोठे जायचे याचे उत्तर बहुधा जंगलाच्या कडेलाच मिळते, आणि तेथेच खटके उडतात. वर्धा जिल्ह्याच्याच आर्वी व कारंजा भागात गवळाऊ जातीची गुरे पिढ्यान्‌पिढ्या पाळणाऱ्या नंद गवळी समाजालाही चराईच्या जागेची हीच टंचाई जाणवते. आणि तो तर बव्हंशी गाव धरून राहणारा आहे.

तळेगावचे उंट

पुलगावहून वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. त्याच्या धामणगाव रेल्वे तालुक्यातील तळेगाव दशासर हे गाव विदर्भात शंकरपटासाठी प्रसिद्ध आहे. जानेवारी २०२२ मध्ये ते वेगळ्याच कारणाने देशभरच्या वर्तमानपत्रांत आले. कच्छहून पायी निघालेले ५८ उंट आणि त्यांच्यासोबतचे पाच राखणदार तेथे पोलिसांनी अडविले. हे उंट कत्तलीसाठी हैदराबादकडे नेले जात आहेत, अशी तक्रार होती. राखणदारांचे म्हणणे असे की, विदर्भात व आसपास फिरणाऱ्या आपल्या नातलगांसाठी हे उंट आणले आहेत. त्यांच्या डेऱ्यांना ओझ्याचे जनावर हवे आहे. माणसांना जामीन लवकर मिळाला. उंट मात्र अमरावतीच्या गोरक्षण केंद्रात अडकून पडले, आणि न्यायालयाने ते मूळ मालकांच्या स्वाधीन करण्याचा आदेश देईपर्यंत महिन्याहून अधिक काळ लोटला.

प्राण्यांना क्रूरपणे वागविले जाऊ नये यासाठी कायदा आहे आणि कोणी तक्रार केली तर पोलिसांनी चौकशी करणे हे त्यांचे कर्तव्यच आहे. प्रश्न तो नाही. प्रश्न असा आहे की, विदर्भात उंटावर संसार लादून हिंडणारी शेकडो कुटुंबे आहेत ही साधी वस्तुस्थिती शासनाच्या कोणत्याही कागदावर सहज सापडेल अशी नोंदलेली असती, तर चौकशीला किती दिवस लागले असते? ट्रक घेऊन जाणाऱ्याजवळ परवाना असतो, कॅराव्हॅनवाल्याजवळ नोंदणीपुस्तिका असते. उंटाच्या मालकाजवळ असते ते त्याच्या जमातीचे सांगणे, आणि ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर पडतो. ओझ्याचे जनावर महिनाभर अडकणे म्हणजे फिरत्या कुटुंबाच्या दृष्टीने घराचा दरवाजा महिनाभर मोहोरबंद होण्यासारखे आहे.

ज्या भागात हे घडले तेथून फार लांब नसलेल्या अंतरावरून आता समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि संपूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्यावर दुचाकीलाही प्रवेश नाही. मग बैलगाडी आणि उंट यांची गोष्टच नको. वेगवान रस्त्यावर त्यांना मज्जाव असणे सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच म्हणावे लागेल. पण अशा रस्त्याला दुतर्फा कुंपण असते आणि जनावरांच्या जुन्या वाटा त्या कुंपणाशी येऊन थांबतात, याचाही हिशेब कोणी तरी ठेवायला हवा.

कोयता म्हणजे दोन माणसे

आता बीडकडे. दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर या तालुक्यांतून जोडपी निघतात. काही ट्रॅक्टर-ट्रकमधून जातात, काही स्वतःच्या बैलांसह टायरगाडीवर. या व्यवसायात मजुरांची मोजणी माणशी होत नाही. ती ‘कोयत्या’वर होते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, हिशेब होतो तो कोयत्याचा. अर्थशास्त्रात श्रमाचे एकक म्हणून ‘विवाहित जोडपे’ वापरणारा दुसरा एवढा मोठा उद्योग भारतात क्वचितच असेल. पुरुष ऊस तोडतो, बाई मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहनापर्यंत नेते. पहाटेचा स्वयंपाक आणि रात्रीचे पाणी तिचेच; त्याची मजुरी कोणत्याही करारात नाही. मुलीचे लग्न लवकर उरकण्याकडे या भागात जो कल दिसतो, त्याचे एक कारण या एककात दडलेले आहे. जोडी झाली की पुरी उचल मिळते.

पाच-सहा महिने हे जोडपे कारखान्याच्या परिसरात कोपी उभारून राहते. जागा बहुधा मोकळ्या रानाची, पाणी लांबून आणायचे, स्वच्छतागृह नाही, दिवा असला तर असला. बीटाच्या हंगामातील अमेरिकन जोडप्याशी तुलना करण्याचा मोह येथे होतो, आणि तो टाळण्याचे कारण नाही. दोन्ही ठिकाणी साखरेचाच धंदा आहे, हंगामही बहुतांशी एकाच वेळी सुरू होतो, आणि दोन्हीकडे कारखान्याला मजूर लागतो तो आपले बिऱ्हाड घेऊन येणारा. तेथे वीज-पाण्याची जोडणी मालक देतो, कारण मजूर अन्यत्र जाऊ शकतो. येथे तो जाऊ शकत नाही, कारण हंगामापूर्वीच त्याने उचल घेतलेली असते. सोय नसण्याचे कारण दारिद्र्यात किंवा हवामानात शोधण्यापेक्षा या उचलीत शोधावे.

याची किंमत किती जबर असते हे २०१९ मध्ये उघड झाले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार महिलांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खाडा पडला की दंड, आणि मासिक पाळीच्या दिवसांत पाणी व आडोसा नाही, या दोन गोष्टी एकत्र आणल्या म्हणजे एवढ्या मोठ्या आकड्याचा उलगडा बराचसा होतो. शस्त्रक्रिया करणाऱ्यांची जबाबदारी वेगळी आणि मोठीच आहे. परंतु दोन नळ आणि चार आडोसे यांचा खर्च कोणी करायचा हे न ठरल्यामुळे तो खर्च शेवटी बाईच्या शरीरातून वसूल झाला, हे नाकारता येणार नाही.

त्यानंतरच्या वर्षी टाळेबंदी आली तेव्हा सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड कामगार निरनिराळ्या कारखान्यांवर अडकून पडले आणि एप्रिल २०२० च्या मध्यास शासनाने त्यांना गावी जाण्याची परवानगी दिली. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आता अस्तित्वात आहे. गाळपाच्या टनामागे दहा रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच शासनाने द्यावेत असे ठरले आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. ही सर्व पावले स्वागतार्ह आहेत. मात्र दरवाढ कोयत्याला मिळते, म्हणजे व्यवहारात पुरुषाच्या हाती पडते. नळ आणि आडोसा दोघांनाही मिळतो.

स्थिर करावे की सोय करावी?

भटक्यांच्या प्रश्नावर या देशात विचार झालाच नाही असे नाही. सोलापूरचे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला. भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने त्यानंतर पुन्हा तेच क्षेत्र धुंडाळले आणि दीड हजारांवर जमातींची यादी केली. त्यांतल्या २६९ जमाती अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती किंवा इतर मागासवर्ग यांपैकी कोणत्याच सूचीत नाहीत, असे त्यातून दिसून आले. दोन आयोग अध्यक्षासाठी महाराष्ट्राकडे आले ही अभिमानाची बाब आहे. पण त्यातून निघालेल्या योजनांचा ओघ प्रामुख्याने घर, भूखंड आणि वसाहत यांकडे राहिला. ज्यांना स्थिर व्हायचे आहे त्यांना जमीन मिळावी, हे निर्विवाद आहे; पालावर जन्मलेल्या अनेकांची मागणीही तीच आहे आणि ती करणाऱ्यांना फिरण्याचे कौतुक ऐकविणे हा क्रूरपणा ठरेल. परंतु ज्याचा व्यवसायच हलता आहे त्याला ‘आधी स्थिर व्हा, मग हक्क मागा’ असे सांगणे म्हणजे व्यवसाय सोडण्याची अट घालणे होय.

कागदपत्रांच्या बाबतीत ही अट किती विसंगत रूप घेते याचे एक उदाहरण पुरेसे आहे. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातीचा दाखला हवा असेल तर अर्जदाराच्या कुटुंबाचे २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे राज्यातील वास्तव्य दाखवावे लागते. भटकी जमात म्हणून सवलत मागणाऱ्याने, आपले आजोबा त्या दिवशी कोठे स्थायिक होते याचा पुरावा आणायचा! २००६ च्या वनहक्क कायद्याने फिरस्त्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला. तथापि जे अनुसूचित जमातीत मोडत नाहीत अशांना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वनांवरील अवलंबित्व सिद्ध करावे लागते. मतदार यादीचा नियम आणखी बोलका आहे. ज्याला घर नाही अशा माणसाने नोंदणीसाठी अर्ज केल्यास मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो सांगितलेल्या जागी झोपतो की नाही हे पाहायचे असते, आणि तेही एकाहून अधिक रात्री. साउथ डाकोटात परवान्यापुरती का होईना, एका रात्रीची पावती चालते. येथे माणूस स्वतः झोपलेला दिसावा लागतो, आणि डेरा तर तिसऱ्या दिवशी हललेला असतो.

हक्क पत्त्यापासून सोडविता येतात हे मात्र आता याच देशात सिद्ध झाले आहे. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही योजना २०१९ मध्ये काही राज्यांत सुरू झाली आणि २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली. कच्छची शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला पुलगावच्या स्वस्त धान्य दुकानात अंगठा उमटवून धान्य घेता येते; बीडच्या जोडप्याला सांगली किंवा कोल्हापुरात घेता येते. यंत्र चालत नाही, दुकानदार माल नाही म्हणतो, या तक्रारी आहेतच. पण तत्त्व म्हणून जे अशक्य मानले जात होते ते झाले. दुबार लाभाची भीती होती, तिच्यावर तांत्रिक उपाय निघाला. धान्य माणसामागे जाऊ शकत असेल तर बालकाची लसीकरणाची नोंद, गरोदर स्त्रीची तपासणी, शाळेतील पटावरचे नाव आणि मेंढ्यांच्या लसीची पावती या गोष्टी त्याच्यामागे का जाऊ नयेत, याचे समाधानकारक उत्तर देणे अवघड आहे. निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना राजकीय पक्षांपुढे मांडला. त्याबाबत एकमत झाले नाही आणि विषय तेथेच राहिला. त्या यंत्राबद्दल पक्षांनी घेतलेल्या शंका उपेक्षणीय नाहीत, पण हंगामावर असल्यामुळे लाखो माणसांचे मत बुडते हे वास्तव त्या शंकांनी मिटत नाही.

राहिला प्रश्न तळांचा. कॅराव्हॅनसाठी जी कल्पना शासनाला सुचली ती उत्तम आहे, आणि तिच्यात फारसा बदल न करता ती कोयत्यासाठी व डेऱ्यासाठी वापरता येण्याजोगी आहे. साखर कारखान्याच्या आवारात वीज असते, पाणी असते. तोडणी कामगारांच्या तळावर नळ, दिवे, स्वच्छतागृहे आणि मुलांसाठी एक खोली असल्याखेरीज गाळप परवाना मिळू नये, अशी अट घालायला नवी यंत्रणा लागत नाही. साखरशाळांचा प्रयोग आपल्याकडे झालेला आहे. त्याची गुणदोषचर्चा करून तो पुन्हा उभा करणे शक्य आहे. रबारी आणि धनगर यांच्यासाठी गावोगावच्या गायरानांत, जेथे ती उरली आहेत तेथे, हंगामी मुक्कामाच्या जागा ग्रामपंचायतीने ठरवून द्याव्यात, पाणी द्यावे आणि त्याबद्दल माफक शुल्क घ्यावे. मेंढ्या बसविण्याचे पैसे देणारा कास्तकार गावातच असतो. त्यामुळे ग्रामसभेत या ठरावाला पाठिंबा देणारेही निघतील. मुक्कामाची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत झाली की तीच नोंद त्या कुटुंबाचा पुरावा होऊ शकते, आणि पिकाच्या नुकसानीचे भांडण झाल्यास कोणाला गाठायचे हेही गावाला कळते.

या वहीची निकड नजीकच्या काळात भासणार आहे. केंद्र शासनाने जून २०२५ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार आगामी जनगणनेचा संदर्भदिवस १ मार्च २०२७ हा आहे. त्या दिवशी उसाचा हंगाम चालू असेल आणि बीडची जोडपी कोपीत असतील. विदर्भात तूर निघालेली असेल, पऱ्हाटी उभी असेल, आणि वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवरील शिवारांत रबाऱ्यांचे डेरे पडलेले असतील. २०११ मध्ये बेघरांची गणना २८ फेब्रुवारीच्या रात्री एकाच वेळी करण्यात आली होती. त्या रात्री रेल्वेस्थानके, पूल आणि देवळांच्या पायऱ्या पाहिल्या जातात. शिवाराच्या मध्यभागी, गाडीरस्त्यापासून दोन कोस आत असलेल्या डेऱ्याकडे प्रगणक जायचा असेल तर त्याला कोणी तरी आधी सांगावे लागेल. वर्धा आणि अमरावतीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पशुसंवर्धन खात्याकडून कळपांची माहिती आणि ग्रामपंचायतींकडून मुक्कामाच्या जागा आतापासून मागविल्या तर ते काम एका हंगामात होण्याजोगे आहे. रबारी दरवर्षी बहुधा ठरलेल्या शिवारांतच येतात आणि कोणत्या कास्तकाराच्या शेतात मेंढ्या बसणार हे गावाला आधीच ठाऊक असते.